फ्रेमच्या बाहेर

दुकानदाराने त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, या कॅमेऱ्यात उसवलेला धागासुद्धा दिसतो." म्हणूनच घरात शूटिंग करताना तो विटक्या स्वेटरमधल्या आईला हटकायचा, "आई, जरा बाजूला सरक. फ्रेममध्ये येतेस."

ती निमूट सरकायची आणि विचारायची, "आता नाही ना रे दिसत?"

ती गेल्यावर त्याने सगळं शूटिंग धुंडाळलं. आई कुठेच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज त्याने सोफ्यावर खेटून बसलेल्या बायको-मुलीला शूट केलं आणि तिथेच कॅमेऱ्यावर लावून पाहिलं. पडद्यावर मात्र दोघी दोन बाजूंना सरकून बसल्या होत्या. मधली रिकामी गादी हळूहळू दबली.

"आता नाही ना रे दिसत?"