दुसरा चालक

हिंगण्याच्या एका कंपनीची बस प्रेमानंदने एकतीस वर्षं चालवली आणि एकदाही कुठे ठोकली नाही. इंग्लंडला असलेल्या रोशनीने, त्याच्या मुलीने, गाडी घेतली तेव्हा तिचा नागपूरला फोन आला.

"बाबा, तुमच्या लायसन्सचा फोटो पाठवा. इथं नव्या ड्रायव्हरले विमा लय महाग पडते. सोबत एखादा जुना, बिनअपघाताचा माणूस दाखवला का हप्ता कमी होते."

"मंग मले कधी या लागन?"

"यायची गरज नाही, बाबा. फक्त नाव पाह्यजे."

त्याने लायसन्सचा फोटो पाठवला. कोणी मागितलं नव्हतं, तरी दोघा नवराबायकोच्या पासपोर्टचाही पाठवला. तीन वर्षांपूर्वी काढलेले ते पासपोर्ट अजून कोरेच होते.

आठ दिवसांनी मोबाइलवर पॉलिसी आली. शेजारच्या सरिता मॅडमनी ती वाचून त्याला मराठीत सांगितली. गाडीचा दुसरा चालक प्रेमानंद, वय त्रेसष्ट. राहणार मुलीच्याच घरी, तीन वर्षांपासून.

घरी बायको, प्रेमिला, मेथी निवडत बसली होती.

"आयकलं का वं," तो म्हणाला, "कागदावर मी तीन वर्षांपासून पोरीकडंच राहून राहिलो."

"अन मी?"

प्रेमानंदने मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला.

"तुले गाडी कुठं चालवता येते."