रिलीव्हर येईपर्यंत

प्लांटमध्ये शिफ्ट संपली म्हणून कोणी उठून जात नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन जागेवर उभा राहिला की मगच सुटी. एखाद्या दिवशी रिलीव्हर आला नाही तर चंदनला डबल ड्यूटी पडायची. मग घरी मोठी मुलगी मृणाल धाकट्या भावाला सांगायची, "जेवून घे. पापाचा रिलीव्हर नाही आला."

शनिवारी चंदननं मृणालला समोर बसवलं. "उद्यापासून मी कुरुदले वेगळी खोली घेऊन राहीन. तुही मम्मी अन् मी आता सोबत नाही राहू शकत. पीयूष लहान आहे, त्याले तूच पाहाचं. आता माही रिलीव्हर तू."

मृणालनं मान हलवली. रडली नाही. चंदनला बरं वाटलं.

रविवारी सकाळी बॅग दाराशी ठेवलेली होती आणि मृणाल घरात नव्हती. तिची सायकलही नव्हती. तिला भेटूनच निघू म्हणून चंदन थांबला. दुपार झाली तेव्हा तो एकीकडे शोधायला गेला, बायको ममता दुसरीकडे.

ममताला ती सेक्टर सहाच्या मैदानावर दिसली. सायकल आडवी टाकून सावलीत बसली होती.

"सकाळपासून उपाशी आहेस. चल घरी."

"पापा गेले?"

"नाही. तुह्यासाठीच थांबून राहिले."

"मंग मी नाही येत," मृणाल म्हणाली. "मी आली की पापाची ड्यूटी सुटते."