मेलेला अर्थ

"शब्द कधी मेला हे देव ठरवत नाही, मी ठरवतो!" असं प्राध्यापक हॉरेस बॅराक्लफ यांनी लंडनच्या शब्दकोशाच्या कचेरीत भर बैठकीत जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली. मूठ बशीच्या काठावर पडली. बिस्किटं उडून अध्यक्षांच्या मांडीवर गेली.

बैठक 'स्टार्व्ह' या क्रियापदापाशी अडली होती. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ नुसता 'मरणं' असा होता. कशानेही मरा. पुढे शब्द आक्रसत गेला. आता तो भुकेने मरण्यापुरता उरलाय, आणि खरं म्हणजे जेवायला अर्धा तास उशीर होण्यापुरताच, असं हॉरेसचं म्हणणं. इंग्लंडच्या उत्तरेकडचा म्हणून आणखी एक अर्थ कोशात रेंगाळत होता. त्याच्यापुढे त्यांनी लाल पेन्सिलीने 'मृत' असं लिहिलं.

"पण तुम्ही तर यॉर्कशरचेच ना?" मांडीवरचा चुरा झटकत अध्यक्ष म्हणाले. "तिकडे कुणीच बोलत नाही असं?"

"तिकडचा आहे म्हणूनच सांगतो. माझ्या कानावर तो अर्थ कित्येक वर्षांत आलेला नाही."

हे खरं होतं. ते तिकडे फक्त नाताळला जात, आणि गेल्यावर स्वतःच बोलत.

त्याच आठवड्यात यॉर्कशरहून आईचा फोन आला. मार्थाबाई टेकडीवरच्या घरात एकट्या राहत. बाहेर बर्फ पडत होता.

"हॉरेस, बाळा, मी स्टार्व्ह झालेय रे."

हॉरेसना भरून आलं. "समजलं, आई. सोय करतो."

त्यांनी मोठ्या दुकानातून टोपली भरून पाठवली: पोर्क पाई, चीज, मुरंबे, फ्रूटकेक.

पुन्हा फोन आला. "खाऊ पोचला हो. पोट तुडुंब भरलंय. पण मी आपली स्टार्व्हच आहे. आता तर फोनही हातात धरवत नाही."

"समजलं, आई. लगेच सोय करतो." फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांचं असंच. खाल्लेलं लक्षात राहत नाही."

दुसऱ्या टोपलीत त्यांनी अख्खं हॅम घातलं.

त्यानंतरचा फोन शेजारच्या एडना सग्डनबाईंचा होता. हॉरेसना त्यांनी नाक पुसत शाळेत जाताना पाहिलेलं होतं.

"तुझी आई गेली, हॉरेस. सकाळी दार ढकलून आत गेलो आम्ही. खुर्चीत बसलेली होती. अंगात कोट, डोक्याला हॅट."

"कशाने गेली?"

"कशाने म्हणजे? स्टार्व्ह होऊन गेली बिचारी!"

"शक्यच नाही. दोन टोपल्या भरून खाणं..."

"खाण्याचं काय घेऊन बसलास! गारठून मेली ती. बर्फात कोळशाची गाडी टेकडी चढेना. पोस्टमन तेवढा चढायचा, तुझा खाऊ घेऊन. टोपल्या मोडून जाळल्या तिने. मी म्हटलं, मार्था, चल आमच्याकडे, शेकोटीपाशी बस. ऐकेल तर शपथ! म्हणे, हॉरेसला स्टार्व्ह झालेय म्हणून सांगितलंय, 'समजलं, सोय करतो' म्हणालाय तो, न्यायलाच येईल आता. शब्दांतला एवढा मोठा माणूस, त्याला आईचा शब्द कळणार नाही होय? पायाशी बॅग भरून तयार होती रे तिची."

हॉरेसच्या बाजूने नाक ओढल्याचा आवाज आला. सग्डनबाईंचा राग ओसरला.

"रड रे बाळा," त्या म्हणाल्या. "रडून घे. मी थांबते."

"सग्डनबाई," शेवटी हॉरेसचा घोगरा आवाज आला. त्यामागे टेबलाचा खण उघडल्याचा आवाज झाला. "मघाशी तुम्ही 'स्टार्व्ह होऊन गेली' म्हणालात, ते वाक्य पुन्हा एकदा म्हणता? जरा सावकाश. उतरवून घेतो."