रुसू नकोस, एल्सी

"चहा हवा की कॉफी?" नेरिडाने तिसऱ्यांदा विचारलं.

"घोड्याला विचार," रॉस म्हणाला.

तिने किटली आदळली. बेचाळीस वर्षांपूर्वी बिंडारू गावच्या माळावर एका दुष्काळाच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. रॉसने त्यात घोडे धरले होते. तेव्हापासून अख्खं गाव त्याच सिनेमातलं बोलतं. उत्तर द्यायचं नसलं की 'घोड्याला विचार'. काही बिघडलं की 'कुंपण माझ्या बापाने बांधलंय'. बिअर यायला उशीर झाला तरी 'रुसू नकोस, एल्सी. पाऊस वाटेत आहे.' एल्सी ही नायकाची बायको. नेरिडाला त्या बाईचा मनस्वी राग होता.

शेजारच्या परसातून क्लाइव्हने डोकं वर काढलं. "काय गड्या, कुंपण कुणाचं?"

"माझ्या बापाने बांधलंय," रॉस तडक म्हणाला. दोघंही खो खो हसले.

"तूच याला चढवून ठेवलंयस," नेरिडा खिडकीतून कडाडली. "पुन्हा बोललास तर पाइपने भिजवीन."

"अगं, हसतोय तो. हसू दे की."

"तुझ्याशी हसतो. मला एल्सी म्हणतो."

क्लाइव्ह आपल्या टोमॅटोंकडे वळला.

दहाला ट्रुडी आली. दर मंगळवारी ती दोन तास गाडी हाकत यायची आणि टेबलाशी दोघांच्या मध्ये बसायची. "कसा गेला आठवडा?"

"यालाच विचारा. घोड्याला विचार म्हणेल." नेरिडाचा आवाज चढला. "पूर्वी निदान अधूनमधून स्वतःचं बोलायचा. आता तेही नाही. अडतीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि माझं नाव जड झालंय याला."

"रागवा, पण उठून जाऊ नका. तुम्ही गेलात की तो दाराकडे बघत बसतो."

"मग थांब म्हणावं ना."

रॉसने डाव्या हाताने आपला कप तिच्याकडे सरकवला. कॉफी तशीच होती, गार.

"रुसू नकोस, एल्सी," तो म्हणाला.

नेरिडाने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "झालं. बहिणीकडे चाललेय मी. परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन. एल्सी करेल तुझा स्वयंपाक."

ती दारापर्यंत पोचली. मागे खुर्ची करकरली. रॉसचा चेहरा लालबुंद झाला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. ट्रुडीने हात वर करून तिला थांबवलं.

"रुसू नकोस," तो म्हणाला. डाव्या हाताने त्याने टेबलाची कड घट्ट धरली. मग, "ने. नेरिडा."

तिच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या.

ट्रुडीने वाचा-उपचारांची वही ओढली. 'पक्षाघाताला सात महिने' असं लिहिलेल्या पानावर, 'सिनेमातले सोडून स्वतःहून उच्चारलेले शब्द' या रकान्यात आजवर नुसती रेघ होती. ती खोडून तिने लिहिलं : बायकोचं नाव.