नुसती अक्षरं

"फोटोवाल्या मेलला किती जणांनी उत्तर दिलं?" विक्री व्यवस्थापक धर्मराजनं विचारलं.

"एकानंही नाही," कौसल्या म्हणाली.

"आणि साध्याला?"

"येतायत अजून."

"मंग झालं की. उद्या साधाच लावून द्या सगळ्या दुकानदारांना."

२००७ चा मे महिना होता. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या कार्यालयात दोघं एकाच संगणकासमोर बसले होते. सोयाबीनच्या बियाण्यासाठी कौसल्यानं दोन मेल तयार केले होते. एकात हिरवंगार शेत, शेंगांनी लगडलेलं झाड, वर कंपनीचं बोधचिन्ह. दुसऱ्यात नुसती अक्षरं. मराठी, पण इंग्रजी लिपीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडावा. 'नमस्कार भाऊ' अशी सुरुवात आणि खाली तिचं नाव. काही दुकानदारांना एक पाठवला होता, काहींना दुसरा.

साध्या मेलमधलं एक वाक्य धर्मराजनं सांगून घालायला लावलं होतं : 'उगवण मी स्वतः पाहिली आहे.' तिनं पाहिली नव्हती. बियाणं मागच्या हंगामाचं, गोदामात उरलेलं होतं. जुनं सोयाबीन नीट उगवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं एक उत्तर उघडून पडदा त्याच्याकडे वळवला. मंठ्याच्या अप्पारावांचं होतं. तिथं त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. 'ताई, जाहिराती रोजच येतात, मी बघत न्हाई. तुम्ही घरच्यासारखं लिहिलं. आमच्याकडचे लोक मला विचारून पेरतात. तुम्ही स्वतः बघितलंय, तर मी बिनधास्त सांगतो त्यांना. बघितलंय ना?'

धर्मराज हसला. "बघा. नटूनथटून गेलं की लोक दारातूनच वाटेला लावतात. साधं गेलं की बसा म्हणतात, पाणी देतात."

"साहेब, फोटोवालाच पाठवू."

"त्याच्यावर कुणी विश्वास ठेवून न्हाई राह्यलं, मॅडम."

"म्हणूनच."

धर्मराजचं हसू गेलं. "पेरणीच्या आत गोदाम रिकामं पाहिजे. स्वतःच्या नावाची एवढी काळजी असंल तर दुसरं घाला. बेबीनंदा घाला. कोण बघायला येतंय जालन्यात?"

आतल्या खोलीतून मालकांनी हाक मारली. तो उठून गेला.

कौसल्यानं कीबोर्ड पुढे ओढला. 'नमस्कार भाऊ. उगवण मी पाहिलेली नाही. बियाणं मागच्या वर्षीचं आहे. कुणाला पेरायला सांगू नका.' खाली तिनं आपलं नाव लिहिलं आणि मेल अप्पारावांना पाठवून दिला. आतून धर्मराजचा आवाज येत होता. तो मालकांना आकडे सांगत होता.

अप्पारावांचं उत्तर जेवणाच्या सुट्टीआधीच आलं.

'ताई, लोक दुकानात येऊन बसलेत. आधीचा आणि आत्ताचा, दोन्ही मेल छापून समोर ठेवलेत. नमस्कार तोच, अक्षर तेच, नाव तेच. यातला तुमचा कोणता?'