पाचवा प्रश्न

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं," फिनाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मावशी, तिला सांग, उताऱ्यात काय म्हटलंय तेवढंच लिही. तुला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही."

भिंत नारळाच्या झावळ्यांची, विणलेली. तिच्यातून वारा जायचा, उजेड जायचा. बोलणं अडायचा प्रश्नच नव्हता. तरी लोसे मावशी उठली आणि दारात जाऊन निरोप शब्दन्‌शब्द आत पोचवला.

"ऐकलं होतंच तिनं," ओसरीवर परत टेकत मावशी कण्हली. "तुम्हा दोघांपायी माझे गुडघे गेले, मास्तर!"

"मग आतच बस की."

"आणि तुझ्यापाशी कोण बसेल? तोंड बघ आरशात. परीक्षा जशी तुझीच आहे!"

ते काही खोटं नव्हतं. गेल्या वर्षी राजधानीच्या, नुकुआलोफाच्या नर्सिंग कॉलेजची परीक्षा आत बसलेल्या लुपेनं दिली, तेव्हा गणित पार पडलं, इंग्रजी पार पडलं, आणि समाजशास्त्राच्या उताऱ्यानं घात केला. कुणा परदेशी माणसानं बेटांवरच्या घरांबद्दल लिहिलं होतं. लुपे वाचता वाचता तापली. उत्तरं लिहायची सोडून तिनं लेखकाचीच शिकवणी घेतली. 'असं नसतं.' 'आमच्याकडे असं कुणी करत नाही.' झालं, नापास.

सोमवारी पुन्हा तीच परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे यंदा शेवटची. आणि फिनाऊची बदली झालेली, दूरच्या व्हावाऊ बेटावरच्या शाळेवर. बोट आज संध्याकाळची.

म्हणून आजचा उतारा त्यानं मुद्दाम त्याच लेखकाचा निवडला होता. चार प्रश्न पुस्तकातले. पाचवा त्यानं स्वतः घातलेला. तो घालायला हवा होता की नव्हता, ते सकाळपासून त्याला समजत नव्हतं. ती काय लिहील, हे मात्र त्याला फार जाणून घ्यायचं होतं.

आत पेन्सिल कुरकुरली, थांबली, पुन्हा पळू लागली. शिकवताना त्यानं वर्षभरात तिचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. पण कुठल्या ओळीला ती अडते, कुठे ओठ चावते, हे त्याला पेन्सिलीवरूनच कळायचं.

धक्क्याकडे निघालेला फिजीचा एक खलाशी पपई खात थांबला.

"काय मास्तर, बायकोनं घराबाहेर काढलं वाटतं?"

फिनाऊचे कान तापले. त्यानं समुद्राकडे मान फिरवली.

"जीभ सांभाळ रे मेल्या!" मावशीनं झाडूच उगारला.

"अच्छा, म्हणजे लग्न व्हायचंय अजून!" हसत हसत तो पसार झाला.

फिनाऊ उठून निघूनच गेला असता. पण आत पेन्सिल चालू होती.

थोड्या वेळानं दाराशी सावली हलली आणि भाजलेल्या फणसाचं ताट बाहेर सरकलं. नीरफणस, त्याला आवडतो तसा कडेनं करपलेला. ताट ठेवणारा हात आत जाईपर्यंत तो माडांचे शेंडे पाहत राहिला.

बोटीनं पहिला भोंगा दिला.

"मावशी, तिला म्हणावं, वाच मोठ्यानं."

"तीन," आतून लुपेचा आवाज आला. "लेखकाच्या मते, लग्नात चटया आणि झाडाच्या सालीचं कापड देतात ते मोठेपणा मिरवण्यासाठी." लगेच तिनं जोडलं, "लेखकाच्या मते हं, मावशी! माझ्या नव्हे."

"बरोबर," फिनाऊ म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. चौथंही बरोबर निघालं. एक शब्द पदरचा नव्हता. सोमवारची धास्ती त्याच्या छातीवरून उतरली.

"आणि पाचवा?"

आतून हळूच आलं, "मावशी, हा प्रश्न मास्तरांनी का घातला, विचार ना."

मावशीनं फिनाऊकडे पाहिलं. तो रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई उगाच सारखी करत बसला.

"सांग तिला," तो शेवटी म्हणाला. "वर्षभर तिला काय वाटतं ते मी लिहू दिलं नाही. आज एकदा लिहू दे."

दुसरा भोंगा झाला. आत लुपेनं घसा साफ केला.

"प्रश्न पाच. 'वयात आल्यावर या बेटांवर भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातली माया आटते, असं लेखक म्हणतो. तुझं मत काय?'"

कागद सळसळला.

"'लेखकानं एकदा लोसे मावशीच्या ओसरीवर येऊन बघावं. माझा भाऊ वर्षभर तिथेच बसलाय.'"