उठली ती मेंढी

प्रयोगशाळेतल्या जाळीच्या दारात बसून धुळाने हाक दिली, "ये बिजले, ये." कोपऱ्यातली मेंढी कान टवकारून त्याच्याकडे बघत राहिली. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या पाठीतला मज्जारज्जू कापून त्या जागी नवा वाढायला लावला होता. तो जुळला की नाही, हे मेंढी उठली तरच कळे. आणि धुळाच्या मेंढ्या धुळाच्याच हाकेला उठत. आधीच्या तीन उठल्या नव्हत्या.

बिजली थरथरत उठली. एकेक पाय टाकत ती त्याच्यापर्यंत आली आणि तिने त्याच्या तळहातात तोंड खुपसलं.

"छान," देवस्थळी डॉक्टर म्हणाल्या. "हिला आत घ्या. नवा भाग आजच काढू."

धुळाने स्वतःच तिला उचलून आत नेलं.

त्याची बायको ठकू मेंढ्यांसाठी पाला तोडताना बाभळीवरून पडली होती आणि छातीखाली लुळी झाली होती. बिजलीचा तुकडा तिच्या पाठीत बसवला. महिन्याभरात तिला कमरेपर्यंत स्पर्श कळू लागला.

"कुठली मेंढी हुती?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण जमलं नाही. "बिजली."

आई मेलेल्या बिजलीला ठकूनेच बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. तिने मांडीला चिमटा काढून बघितला; काहीच कळलं नाही.

"पायांपतुर यायला आजून किती लागतील?"

"दोन. तिच्याच रक्ताच्या."

"लेकी हायत की तिच्या दोन," ठकू म्हणाली. "उद्याच आणून द्या."